वसतिगृहात जाण्यापूर्वीचा गृहपाठ

बारावीनंतर बाहेरगावी प्रवेश मिळाला की घरात गादी, बादली, बॅगेची खरेदी सुरू होते. पण मुलाला स्वतःचं स्वतः करता येतं का, हे बघायचं राहून जातं. "तू फक्त अभ्यास कर" असं इतकी वर्षं आपणच म्हणत आलेलो असतो. म्हणून निदान दोन महिने आधी पुढील गोष्टी करून घ्या. मुलगा असो वा मुलगी, यादी एकच.

१) कपडे : रंग जाणारे कपडे वेगळे भिजवणे, कॉलर घासणे, बटण लावणे.

२) जेवण : पोहे आणि वरण-भात तरी यावा. मेस बंद असली तरी उपाशी झोपायची वेळ येऊ नये.

३) पैसे : महिन्याची रक्कम एकदाच द्या, हिशोब त्यालाच लिहू द्या. पिन, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. ऑनलाइन फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन.

४) आजारपण : जुलाब झाल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पिणे. त्रास थांबला नाही तर अंगावर न काढता डॉक्टरकडे जाणे.

५) मदत मागणे : हे सगळ्यात अवघड. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या. पण त्याआधी "काहीही झालं तरी सांग, आम्ही रागावणार नाही" हा विश्वास द्या. घाबरलेलं मूल बऱ्याचदा घरच्यांच्या रागाला भिऊनच गप्प बसतं.

शिक्षक मित्रहो, याची सुरुवात पहिलीत स्वतःचा डबा स्वतः धुण्यापासून होते. तेवढं तर आपल्या हातात आहेच ना?