वस्त्र जीर्ण केव्हा होते?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील २२ व्या श्लोकात देहांतरास वस्त्रांतराचा दृष्टांत दिला आहे. त्याचे बळ ‘जीर्ण’ या विशेषणात आहे. वाचकाचे लक्ष मात्र बहुधा ‘नव’ या शब्दाकडे जाते. जुने झिजण्यापूर्वीच नवे घेणारा मनुष्य त्या दृष्टांतात नाही.

चेन्नईतील वेस्ट मांबलमच्या गृहस्थापुढे हा प्रश्न दारातच उभा आहे. मांबलम स्थानकाचे रूळ ओलांडले की पूर्वेस त्यागरायनगरातील रंगनाथन रस्ता लागतो. तो कापडाच्या दुकानांनी भरलेला असून दिवाळीपूर्वी तेथे पाऊल ठेवावयास जागा मिळत नाही. पश्चिमेस अयोध्या मंडपम् आहे. तेथे प्रवचनास येणारा पादत्राणे बाहेर काढतो. घरी कितीही जोड असोत, पायांत एकच असतो!

प्रवासाच्या वेळी हा संग्रह पेटीत शिरतो. चार दिवसांसाठी दहा वेष भरले जातात. शयनयानात ४० किलो सामान विनामूल्य नेता येते खरे. पण ती मर्यादा आहे, आज्ञा नव्हे. एक नेसलेले, एक वाळत घातलेले व एक सोवळ्याचे, एवढ्यावर पूर्वीचे यात्रेकरू काशीस जाऊन येत.

२२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईस गांधीजींनी केवळ पंचा स्वीकारला. गृहस्थाने तितके करावे, असे गीता म्हणत नाही. सहाव्या अध्यायातील ‘अपरिग्रह’ ध्यानयोग्यासाठी आहे. परंतु कपाटात घडीवरच पिवळे पडलेले रेशीम दुसऱ्या अध्यायातील दृष्टांतात कोठे बसवावयाचे?