बोटांच्या ठशांचे गणित

आपल्या बोटांची टोके उजेडात धरून नीट निरखा. त्यांवर उंचवट्यांच्या बारीक रेषा दिसतील. काही बोटांवर त्या एका बाजूने शिरून वळतात व त्याच बाजूने बाहेर पडतात. हा झाला शंख. काहींवर त्या गोल फिरतात, हे चक्र. क्वचित त्या एका बाजूने शिरून मध्ये उचलल्या जातात व दुसऱ्या बाजूने निघून जातात, ही कमान. या रेषा जन्माआधीच तयार होतात आणि आयुष्यभर तशाच राहतात.

रेषांवरील सूक्ष्म छिद्रांतून घाम येतो. म्हणूनच आपण गुळगुळीत वस्तूला हात लावला की तिच्यावर रेषांचा ठसा उमटतो. पण पोलिसांना त्याचा उपयोग कसा व्हावा? कचेरीत हजारो गुन्हेगारांचे ठसे असले, तर त्यांतून हवा तो शोधायचा कसा?

हे कोडे कलकत्त्यात सुटले. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली काझी अझीझुल हक व हेमचंद्र बोस हे दोघे काम करीत होते. हक यांचे गणित पक्के होते. ठसे लावण्याची जी पद्धत तयार झाली तिला नाव मिळाले हेन्रींचे. पण तिच्यामागे या दोघांचे मोठे श्रम होते.

पद्धत अशी. उजव्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत १ ते ५ व डाव्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ६ ते १० असे क्रमांक द्या. चक्र असेल तरच बोटाला गुण मिळतात. बोटे १ व २ यांना प्रत्येकी १६, ३ व ४ यांना ८, ५ व ६ यांना ४, ७ व ८ यांना २ आणि ९ व १० यांना १. आता विषम बोटांची व सम बोटांची बेरीज वेगवेगळी करा आणि प्रत्येकीत १ मिळवा. समजा, फक्त उजव्या अंगठ्यावर व डाव्या मधल्या बोटावर चक्र आहे. मग विषम बोटांचे १६ + १ = १७ व सम बोटांचे २ + १ = ३. प्रत्येक आकडा १ ते ३२ मधला असतो; म्हणून ३२ × ३२ = १०२४ खण होतात. सगळा ढीग उपसण्याऐवजी एकच खण पाहावयाचा!

१८९७ मध्ये कलकत्त्यात अंगुलिमुद्रांचे कार्यालय सुरू झाले. त्याच वर्षी जलपैगुडी जिल्ह्यातील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला व चोरीही झाली. तेथील एका बंगाली पंचांगावर तपकिरी डाग होते. त्यांतला एक डाग कलकत्त्यातील नोंदींशी ताडून पाहिला, तेव्हा तो पूर्वी शिक्षा झालेल्या एका नोकराच्या उजव्या अंगठ्याचा निघाला.

१८९८ मध्ये खटला चालला. निकाल काय लागला असेल? आरोपी चोरीबद्दल दोषी ठरला, खुनाबद्दल नाही! अंगठा पंचांगाला लागला होता, हे ठशाने सिद्ध केले. सुरी कोणी चालवली, हे ठसा सांगू शकत नव्हता. खून करताना त्याला कोणी पाहिले नव्हते.

ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. १९०१ मध्ये ही पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डने स्वीकारली. भारतात २०२२ पासून देशभरातील ठसे संगणकाने ताडून पाहण्याची राष्ट्रीय व्यवस्था आहे. शोध मिनिटांवर आला; पण ठशाचे उत्तर तेच राहिले: 'येथे कोणाचा हात लागला?' तो केव्हा लागला, का लागला, हे इतर पुराव्यांवरूनच ठरवावे लागते. शास्त्र पोलिसांना व न्यायालयाला मदत करते. निवाडा माणसांनाच करावा लागतो.

करून पाहा : शिक्क्याच्या शाईने आपल्या दहाही बोटांचे ठसे कागदावर घ्या व आपली जोडी काढा. वर्गातील सर्वांच्या जोड्या फळ्यावर मांडा. एकही चक्र नसलेल्यांची जोडी १ व १ येईल. या एकाच खणात किती जण आले? सगळे खण सारखे भरत नाहीत, असे आढळले तर पोलिसांपुढे कोणती नवी अडचण येईल आणि ती कशी सोडवता येईल, याचा विचार करा.