थांग: वीस वाव ते 3008 मीटर

प्रेषितांच्या कृत्यांचा 27वा अध्याय मी कितीदा ऐकलाय, पण त्यातलं मोजमाप अलीकडेच नीट वाचलं. संत पौलाचं जहाज वादळात सापडलेलं. मध्यरात्री खलाशी थांग घेतात: आधी वीस वाव, थोडं पुढे पंधरा. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांची लांबी. पाणी उथळ होतंय, म्हणजे जमीन जवळ आली.

आज दोरीऐवजी ध्वनी सोडतात. तो समुद्रात सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. प्रतिध्वनी चार सेकंदांनी परतला, तर तळ 3000 मीटरवर. सोपं वाटतं ना? पण ध्वनीचा झोत खाली जाताना पसरतो. एक अंशाचा झोत एवढ्या खोलीवर सुमारे 52 मीटर रुंद होतो. शॅकल्टनचं ‘एन्ड्युरन्स’ जेमतेम 44 मीटर लांब! वरून मोजलं असतं तर अख्खं जहाज नकाशाच्या एका ठिपक्यात हरवलं असतं.

म्हणून 2022 मध्ये वेडेल समुद्रात सोनार लावलेलं यानच तळाजवळ पाठवलं, आणि 1915 मध्ये बुडालेलं ते जहाज 3008 मीटरवर सापडलं.

‘त्याच्या मनाचा थांग लागत नाही,’ असं आपण सहज म्हणतो. आता मी आधी स्वतःला विचारते: मोजलं किती जवळून?