पायांचा जमाखर्च

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी पै-पैचा हिशेब ठेवतो. पण ज्यांच्या भांडवलावर आयुष्याचा सारा व्यवहार चालतो, त्या पायांचे खाते तो कधी उघडून पाहत नाही. मीही पाहिले नव्हते. ती वेळ आली दिवाळीच्या सुटीत, ग्वाल्हेरला मावशीकडे गेले तेव्हा.

ग्वाल्हेरचा किल्ला पूर्वेकडून चढायचा तर गुजरी महालापासून वर चढणीची वाट आहे. वाटेत कातळात कोरलेले चतुर्भुज मंदिर लागते. तेथील इ. स. ८७६ च्या शिलालेखातील आकड्यांत शून्य कोरलेले आहे. हिशेबाच्या विद्यार्थिनीने त्याचे भक्तिभावाने दर्शन घ्यायचे. मी मात्र बाहेर बसून टाच चोळत होते. नव्या, टोकाला निमुळत्या बुटांनी बोटे आवळली होती. टाचेची कळ तर दोन महिन्यांची जुनी. सकाळी उठून पहिले पाऊल टाकले की डोळ्यांत पाणी येई. किल्ला अर्ध्यातच सोडून परतले.

मावशीचे यजमान शारीरिक शिक्षणाचे निवृत्त शिक्षक. त्यांचे शिक्षण ग्वाल्हेरच्याच लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालयात झाले. १८५७ च्या स्वातंत्र्यसमराच्या शताब्दी वर्षात, १७ ऑगस्ट १९५७ रोजी, राणी जेथे धारातीर्थी पडली त्या शहरात केंद्र सरकारने ते सुरू केले. काकांनी मला ओल्या पायांनी फरशीवर उभे केले. ठशाची आतली बाजू पूर्ण भरलेली होती.

“कमान बसलीय गं पोरी. आता चवड्यांवर उभी राहा बघू.”

उभी राहताच कमान दिसू लागली.

“म्हणजे पाऊल लवचीक आहे. नुसतं आळशी झालंय. कामाला लाव त्याला!”

या लेखाचे सार या एका वाक्यात आहे.

पावलाची रचना

एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. टाच, अंगठ्याचे मूळ व करंगळीचे मूळ या तीन बिंदूंवर पाऊल तिवईसारखे टेकते. त्यांच्यामधल्या कमानी धक्का झेलतात आणि पुढचे पाऊल टाकताना उसळी देतात. पाऊल आत कलले की नडगी आत वळते, तिच्यामागून गुडघाही वळतो. म्हणून ताठ उभे राहण्याचा धडा पावलापासून सुरू करावा. मात्र सपाट पाऊल दुखत नसेल, तर तो आजार समजू नये.

जोडा कसा असावा?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण म्हणतो. कानडीतही ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ म्हणतात. जोड्याच्या बाबतीत मात्र पाय पाहूनच माप ठरवावे. आपल्या कर्नाटकातील डॉ. राव व डॉ. जोसेफ यांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के आढळले. बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत अधिक होते. सपाता-चपलांत त्याहून कमी.

याचा अर्थ बूट फेकून द्यावेत असा नाही. जोडा संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. उभे राहून पाहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. बोटे मोकळी पसरली पाहिजेत. आपली कोल्हापुरी चप्पल बोटांना मोकळीक देते. पण टाच दुखणाऱ्याला तिचा कडक, सपाट तळ सोसेलच असे नाही.

रोजची दहा मिनिटे

१. खुर्चीवर बसून, बोटे न मुडपता, चवडा टाचेकडे ओढून कमान उचलावी. पाच अंक मोजावेत. दहा वेळा.

२. भिंतीला धरून चवड्यांवर उभे राहावे व अगदी सावकाश टाचा टेकाव्यात. दहा वेळा.

३. अंगठा उचलावा, बाकीची बोटे जमिनीवर ठेवावीत, मग उलट. पहिल्या दिवशी जमत नाही. हसू येते.

४. भिंतीला हात टेकून, मागचा पाय ताठ व टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणावी. तीस अंक. टाचदुखीवर हा विशेष उपयोगी.

५. एका पायावर तीस अंक उभे राहावे. दात घासताना सहज होते.

निगा

पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या पुसाव्यात, नाहीतर चिखल्या होतात. नखे सरळ कापावीत. कुरूप ब्लेडने कापू नये.

येथे एक इशारा. माझे आजोबा मधुमेही होते. देवळाबाहेरच्या तापलेल्या फरशीवर ते अनवाणी चालले. तळव्याला संवेदनाच नसल्याने फोड आलेला कळला नाही. शेवटी अंगठा गमवावा लागला. मधुमेह्यांनी अनवाणी चालू नये, रोज तळवे पाहावेत व जखम दिसताच डॉक्टर गाठावा. तेव्हापासून घरातील कोणीतरी रोज संध्याकाळी आजोबांचे तळवे पाहत असे. त्याआधी कोणीच पाहिले नव्हते.

तीन महिने झाले. फरशीवरचा माझा ठसा अजून बराचसा तसाच आहे. पण सकाळचे पहिले पाऊल आता रडवत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत पुन्हा ग्वाल्हेरला जायचे आहे. उरलेला अर्धा किल्ला येणे बाकी आहे.