जपानला जाताय? मग आधी कळवून ठेवा

जपानमध्ये आधी कळवलेली गोष्ट हमखास होते, ऐन वेळी मागितलेली सहसा होत नाही. आमच्या पहिल्या सहलीत जे बिनसलं ते याच कारणाने बिनसलं आणि जे जमलं तेही याच कारणाने जमलं. आपल्याकडे ‘बघू तिथे गेल्यावर’ म्हणून निघालं तरी निभावतं. हॉटेलवाला खोली बदलून देतो, आचारी कांदा-लसूण न घालता वेगळी भाजी परतून देतो. तिथली माणसं मदतीला कुठेही कमी नाहीत; पत्ता विचारला तर हातातलं काम टाकून दारापर्यंत आणून सोडतात. पण तिथल्या कामाची बांधणीच अशी असते, की ऐन वेळचा बदल तिच्यात बसत नाही. म्हाताऱ्या आई-वडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा जपानला निघालेल्यांनी हे एवढं ध्यानात ठेवलं, तर त्यांचा बराचसा मनस्ताप वाचेल.

माझ्या आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. अंडं, मासे, मटण घरातही येत नाही. हाकोनेला आम्ही एका र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी विश्रामगृहात उतरलो होतो. बुकिंग करून देणाऱ्याने आमच्याविषयी ‘शाकाहारी’ इतकंच कळवलं होतं. संध्याकाळी सहाला ताटं आली. ताटं कसली, लहान लहान वाट्या आणि बशांची आरासच होती. वाढणाऱ्या बाईंनी कच्च्या माशाची बशी आईसमोरून उचलली आणि बाकी सगळं चालेल अशी खूण केली. झाकणाच्या एका वाटीत खरवसासारखं पिवळसर, थरथरणारं काहीतरी होतं. आईने चमचा उचलला आणि बहिणीने मोबाइलवर नाव शोधून तो तिथेच थांबवला. तो चावानमुशी होता: अंडं आणि माशाचं पाणी एकत्र करून वाफवलेला. मग एकेक वाटी तपासली. मिसो सूपमध्ये तेच पाणी, उकडलेल्या पालकावर तेच, वांग्याच्या रसातही तेच.

या पाण्याला दाशी म्हणतात. कात्सुओ नावाचा मासा वाळवून, धुरी देऊन त्याचे कीस काढतात आणि बहुतेक वेळा कोंबू या समुद्री वनस्पतीबरोबर ते गरम पाण्यात मुरवतात. जपानी स्वयंपाकाचा पायाच तो. त्यामुळे मासा डोळ्यांना दिसत नाही आणि तिथल्या माणसाच्या मनातही ती वस्तू ‘मासा’ म्हणून येत नाही. थोड्या वेळाने आचारी स्वतः बाहेर आला, गुडघे टेकून बसला आणि त्याने सांगितलं, की संपूर्ण र्‍योकानसाठीची दाशी सकाळीच काढलेली असते. दोन दिवस आधी कळलं असतं तर आईसाठी नुसत्या कोंबूची वेगळी काढली असती. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. आईने पांढरा भात आणि बरोबर नेलेली शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि त्याचाच धीर बांधत राहिली.

म्हणून बुकिंग करताना नुसतं ‘शाकाहारी’ लिहू नका. काय चालत नाही त्याची यादी द्या: गोमांस, डुकराचं मांस, कोंबडी, हॅम, मासे, कोळंबी, अंडं, माशाची दाशी. दूध, दही, लोणी चालत असेल तर तेही लिहा, नाहीतर सावधगिरी म्हणून तेही काढून टाकतील. हीच यादी जपानीत छापून प्रत्येकाच्या पाकिटात ठेवा. मोठ्या अक्षरात, एका बाजूला. शब्दांच्या क्रमात गोंधळ होऊ नये म्हणून जपानी येणाऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या. पुण्यात जपानी शिकणारे-शिकवणारे पुष्कळ आहेत. तोक्योत एदोगावा विभागातल्या निशी-कासाईला भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथे किराणा मिळतो, जेवण मिळतं, मराठीही कानावर पडते. याच एदोगावातून २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ तिथल्या विभागीय सभेवर निवडून आले. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर तोक्योतला मुक्काम त्या बाजूला ठेवायला हरकत नाही. प्रेक्षणीय स्थळं जरा लांब पडतात, पण संध्याकाळच्या वरण-भाताची काळजी मिटते.

आणि शाकाहारी असाल तर कोयासान चुकवू नका. ओसाकाच्या नांबा स्थानकातून नानकाई कंपनीच्या गाडीने गोकुराकुबाशीपर्यंत जायचं आणि तिथून केबलकारने डोंगरावर. कूकाई या भिक्षूने ८१६ मध्ये स्थापलेलं हे शिंगोन बौद्ध पंथाचं पीठ. तिथे देवळांमध्येच उतरता येतं आणि जेवण शोजिन पद्धतीचं मिळतं, म्हणजे मूळचंच मांस-मासे वर्ज्य, कांदा-लसूणही नाही, दाशी कोंबूची आणि शिताके अळंब्यांची. तीळ वाटून केलेलं गोमा-दोफू आईने मागून घेतलं. जैन मंडळींनी मात्र कंदमुळांविषयी आधी लिहावं. संध्याकाळचं जेवण साडेपाच-सहालाच असतं, तेव्हा दुपारीच वर पोहोचा. ओकुनोइनच्या दफनभूमीतून चालताना दगडांवर सिद्धम लिपीतली बीजाक्षरं दिसतात. आपल्या देवनागरीची ती नात्यातली. बाबा एकेका अक्षरापाशी थांबत होते. कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळाही आहे, २०१५ मध्ये त्याचं अनावरण झालं. इतक्या दूर, देवदारांच्या रानात तो पाहताना ऊर भरून येतो.

आता तारखांचं. आपल्या मुलांना सुट्टी एप्रिल-मेमध्ये, म्हणून मराठी घरं तेव्हाच निघतात. पण २९ एप्रिल ते ५ मे हा जपानचा सुट्ट्यांचा आठवडा, ‘गोल्डन वीक’. सगळा देश प्रवासाला बाहेर पडलेला असतो, खोल्यांचे दर चढतात, आणि या दिवसांत नोझोमी या तोक्यो-ओसाका मार्गावरच्या सर्वांत वेगवान शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) गाडीत विनाआरक्षण डबाच नसतो. आम्ही नेमके त्यात सापडलो होतो. क्योतोच्या बसथांब्यावरच्या रांगा पाहून बाबा खोलीवर परत गेले. परीक्षा लवकर संपत असतील तर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जा, नाहीतर ७ मेनंतर निघून महिनाअखेरीपर्यंत परता. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळी हवा, ऑगस्ट-सप्टेंबरला वादळांचा धोका, ऑगस्टच्या मध्यावर ओबोन सणाची गर्दी. साकुराचा बहर तोक्योत साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला येतो, पण ऐन भर आठवडाभरच टिकतो आणि दरवर्षी पुढे-मागे होतो. निव्वळ त्याच्यासाठी म्हाताऱ्या माणसांची तिकिटं काढू नका. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर मला सगळ्यांत उजवा वाटतो. हवा कोरडी असते, लाल मेपल असतात आणि फुजीही बऱ्यापैकी दिसतो. उन्हाळ्यात तो ढगांतच असतो.

व्हिसाचा अर्ज व्हीएफएसच्या केंद्रात द्यायचा. त्यात रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो: कोणत्या तारखेला कुठे, मुक्काम कुठे, तिथला पत्ता आणि फोन. बँकेचा तपशील आणि आयकर विवरणपत्रंही लागतात. तेव्हा बेत आधी पक्का करा, मग अर्ज करा. १ एप्रिल २०२४ पासून भारतीय पर्यटकांना ई-व्हिसा मिळतो, एका प्रवेशाचा, ९० दिवसांपर्यंतचा. तो विमानतळावर मोबाइलवर, इंटरनेट चालू ठेवून, संकेतस्थळावरूनच उघडून दाखवावा लागतो. पीडीएफ, स्क्रीनशॉट किंवा कागदावरची छापील प्रत चालत नाही. मुंबई विमानतळावर आमच्या पुढच्या आजोबांनी व्हिसाचा कागद प्लास्टिकमध्ये घालून आणला होता. अर्ज नाशिकच्या मुलाने भरलेला, सगळी माहिती त्याच्या मोबाइलमध्ये. मध्यरात्री त्याला उठवून फोनवर एकेक अक्षर लिहून घेताना त्या आजोबांचे हात कापत होते. घरातल्या प्रत्येकाचा व्हिसा निघण्यापूर्वी त्याच्याच फोनवर उघडून पाहा, आणि निदान दोघांच्या फोनवर सगळ्यांचे उघडतील असं बघा.

औषधांबाबत मी फार कळकळीने सांगते, कारण इथे अज्ञान माफ होत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एका महिन्याच्या मापात, मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह न्या. त्याहून जास्त लागणार असतील तर जपानच्या आरोग्य खात्याकडून ‘युन्यू काकुनिन-शो’ हा दाखला निघण्यापूर्वी घ्यावा लागतो. अर्ज ऑनलाइन करता येतो. ॲम्फेटामाइन असलेल्या गोळ्यांना, मग त्या कोणत्याही आजारावरच्या असोत, संपूर्ण बंदी आहे. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर सर्दीची गोळीही नेता येत नाही. कोडीनची खोकल्याची औषधं घरीच ठेवा. आपल्या फॅमिली डॉक्टरांसमोर सगळा डबा मांडून प्रत्येक औषधातला घटक लिहून घ्या. ब्रँडच्या नावावरून तिथे कुणाला काही कळत नाही.

मेमध्ये जाणाऱ्याला तिथल्या नातलगांचा फोन येतोच: हापूस आण. आणू नका. फळमाशीच्या भीतीने जपानने १९८६ मध्ये भारतीय आंबा बंद केला होता, २००६ मध्ये तो वाफेच्या प्रक्रियेच्या अटीवर पुन्हा उघडला. पेटीतून नेलेला आंबा त्यात बसत नाही. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, कच्चे तांदूळ-डाळी यांना वनस्पती-आरोग्याचा सरकारी दाखला लागतो, आणि सामानाच्या पट्ट्यापाशी हुंगणारे कुत्रे फिरत असतात. मांसाचे पदार्थही चालत नाहीत. चिवडा, दशम्या, चटण्या, लोणचं, लाडू खुशाल न्या आणि तिथल्या कस्टमच्या अर्जात खाण्याचे पदार्थ आहेत असं स्पष्ट लिहा.

विमानाचं तिकीट काढताना तोक्योत उतरून ओसाकाहून परत, असं काढा. पुष्कळ लोक जाऊन-येऊन तोक्योचंच काढतात आणि मग परतीसाठी पुन्हा तेवढंच रेल्वेभाडं मोजतात. तोक्यो-क्योतो एका वेळचं भाडं सुमारे १४,००० येन आहे. सात दिवसांचा जेआर रेल्वे-पास २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये २९,६५० येनवरून ५०,००० वर गेला, तेव्हा एका दिशेने प्रवास करणाऱ्याला तो परवडत नाही. कागदावर बेरीज करून मगच पास घ्या. विमान रात्री उशिरा पोहोचत असेल तर पहिला मुक्काम विमानतळाजवळ करा. नारिता विमानतळ तोक्यो शहरापासून साठ-सत्तर किलोमीटरवर आहे, शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास संपतात आणि टॅक्सीचे दर रात्री आणखी चढतात.

बॅगा घरीच टेपने मोजा. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर तोक्यो-ओसाका शिंकान्सेनमध्ये त्या बॅगेसाठी शेवटच्या रांगेतली ठरावीक जागा आधी घ्यावी लागते, नाहीतर १,००० येन भरावे लागतात. त्याहून बरी सोय म्हणजे ताक्युबिन. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, ती बहुधा दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोहोचलेली असते. दोन-तीन हजार येन जातात, पण स्थानकांतल्या जिन्यांवर आई-बाबांना दोन्ही हात मोकळे मिळतात. शिंजुकुसारख्या स्थानकाला दोनशेहून अधिक दारं आहेत आणि लिफ्ट मोजक्याच दारांशी. कोणत्या दाराने बाहेर पडायचं ते आदल्या रात्री नकाशावर बघून ठेवा.

खोली घेताना माणसांची संख्या खरी द्या. तिथे दर बहुधा माणशी असतो, खोल्या लहान असतात, आणि ‘एक गादी जास्त टाका’ ही सोय सगळीकडे नसते. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्या, ते आपोआप चालू नसतात. रोख पैसे सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएममधून निघतात आणि देवळांत, छोट्या खाणावळींत लागतातही. वीज १०० व्होल्टची आहे, आपली किटली आणि इस्त्री तिथे नीट तापत नाही. पासपोर्ट कायम अंगावर ठेवावा, तसा कायदाच आहे. ‘सेफ्टी टिप्स’ हे भूकंपाची सूचना देणारं ॲप सगळ्यांच्या फोनवर घ्या आणि पोलिसांचा ११०, रुग्णवाहिकेचा ११९ हे क्रमांक कागदावरही लिहून द्या. प्रवासविमा वयस्करांचा वेगळा बघा, त्यांच्या जुन्या दुखण्यांसकट.

शेवटी आरक्षणाच्या तारखा. शिंकान्सेनची तिकिटं प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी सकाळी दहाला खुली होतात. मुलांना जिब्ली या ॲनिमेशन स्टुडिओचं संग्रहालय बघायचं असेल तर पुढच्या महिन्याची तिकिटं दर महिन्याच्या १० तारखेला, सकाळी दहालाच सुटतात, आणि दारात तिकीट मिळत नाही. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. म्हणजे आपल्याकडचे साडेसहा. त्या दिवशी सव्वासहालाच पासपोर्ट आणि कार्ड जवळ घेऊन बसा.