वाचकांचे प्रश्न : अमेरिकेहून आणलेला फोन आणि आईचा नंबर

प्रश्न : मी दक्षिण पश्चिम रेल्वेतून निवृत्त झालो असून हुबळीत केशवापूरला राहतो. मुलगा अमेरिकेत असतो, सध्या सुट्टीवर आला आहे. येताना त्याने माझ्यासाठी आणि त्याच्या आईसाठी एकेक आयफोन आणला. खोका उघडून बघतो तर फोनला सिम घालायची खाचच नाही! कोप्पीकर रोडवरचा एक दुकानदार म्हणतो, ‘आधारची झेरॉक्स आणि फोन ठेवून जा, संध्याकाळपर्यंत ई-सिम करून देतो.’ त्यातच परवा एकाचा फोन आला. ‘मोबाइल कंपनीतून बोलतोय, ई-सिमचं काम घरबसल्या करून देतो, तुम्हाला आलेला मेसेज तेवढा पुढे पाठवा,’ असं हिंदीत सांगत होता. मी पाठवला नाही. माझं पेन्शनचं खातं याच नंबराला जोडलेलं आहे. पत्नीचा नंबर मात्र मुलाच्या नावावर आहे, तो कॉलेजात असताना घेतलेला. ई-सिम करावं का? आणि या भानगडीत पैसे गेले तर जबाबदारी कोणाची?
— एक वाचक, केशवापूर, हुबळी

उत्तर : मेसेज पुढे पाठवला नाहीत हे फार बरं केलंत. का, ते पुढे सांगतो. आधी फोनचं बघू.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमधून सिमचा ट्रे २०२२ सालच्या आयफोन १४ पासून काढून टाकला आहे. त्यामुळे तुमच्यापुढे ‘करावं का’ हा प्रश्न उरलेलाच नाही. हे फोन वापरायचे तर ई-सिमच लागणार. मात्र कंपनीच्या दुकानात जाण्याआधी घरीच एक गोष्ट तपासा. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’, त्यात ‘अबाउट’ उघडा आणि खाली ‘कॅरिअर लॉक’पुढे काय लिहिलंय ते वाचा. ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असेल तर निश्चिंत राहा. तिकडे मोबाइल कंपनीकडून हप्त्यावर घेतलेले फोन बऱ्याचदा त्याच कंपनीपुरते बांधलेले असतात आणि हप्ते फिटल्याशिवाय सुटत नाहीत. ते कुलूप काढायचं काम अमेरिकेतल्या कंपनीचं. इथला कोणी ‘हजार रुपयांत अनलॉक करून देतो’ म्हणाला तर त्याला नमस्कार करा.

ज्यांच्या नव्या फोनला खाच आहे त्यांनी केवळ नवं आहे म्हणून ई-सिमच्या मागे लागू नये, असं माझं मत आहे. जुन्या फोनमधलं कार्ड काढून नव्यात घातलं की सेवा सुरू. ना केवायसी, ना वाट पाहणं. फक्त यूपीआयचं अ‍ॅप नव्या फोनवर पुन्हा नोंदवावं लागतं. पुढे हा फोन बिघडला तर तेच कार्ड शेजारच्याच्या जुन्या फोनमध्येही चालतं. ई-सिमचं तसं नाही. दर वेळी कंपनीकडे नवी मागणी नोंदवावी लागते. हां, फोन चोरीला गेला तर चोराला ई-सिम उपसून फेकता येत नाही, हा त्याचा खरा फायदा.

आता सगळ्यात घाईचं काम, जे तुम्ही प्रश्नाच्या शेवटी सहज लिहून गेलात : पत्नीचा नंबर मुलाच्या नावावर आहे. आपल्याकडे घरोघरी हीच स्थिती. पण कंपनीच्या लेखी त्या नंबराचा ग्राहक तुमचा मुलगा, तुमच्या पत्नी नव्हेत. ई-सिमची मागणी असो, हरवलेल्या सिमच्या जागी नवं सिम असो, ओळख पटवावी लागते ती नोंदलेल्या ग्राहकाची. मुलगा परत गेल्यावर दोन वर्षांनी हा फोन पाण्यात पडला, तर तुमच्या पत्नींना स्वतःच्याच नंबरासाठी अमेरिकेकडे डोळे लावून बसावं लागेल आणि तोवर त्यांच्या बँकेचे ओटीपी अधांतरी. म्हणून मुलाची सुट्टी संपायच्या आत दोघांनी मिळून कंपनीच्या दुकानात जावं. जवळच्या नातलगाच्या नावावर नंबर करून देण्याची सोय आहे. मुलाने ओळख पटवून संमती द्यायची आणि आईने स्वतःची केवायसी करायची. ते पुरतं झालं की मगच त्या नंबराचं ई-सिम. दोन्ही कामं एका फेरीत उरकण्याचा हट्ट धरू नका. (तुमच्या नावावर एकूण किती नंबर आहेत ते सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर दिसतं. एका माणसाला नऊची मर्यादा आहे. अनोळखी नंबर दिसला तर ‘हा माझा नाही’ असं तिथंच कळवता येतं.)

कोप्पीकर रोडच्या दुकानदाराला मी लबाड म्हणत नाही. पण त्याची पद्धत कालबाह्य आहे. १ जानेवारी २०२४ पासून सिमसाठीची कागदी केवायसी बंद झाली. आता ग्राहकाला समोर बसवून, त्याचा फोटो तिथल्या तिथे काढून ओळख पटवतात. मग तुमच्या आधारची झेरॉक्स त्याला कशाला हवी? फोन ठेवून जाणं तर त्याहून वाईट. उघडा फोन म्हणजे येणारा प्रत्येक ओटीपी. कंपनीच्या स्वतःच्या दुकानात किंवा तिच्या अधिकृत अ‍ॅपवरून काम करा. आधार द्यायचाच नसेल तर पासपोर्टसारखं दुसरं ओळखपत्रही चालतं. सिमसाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच सांगितलं आहे. ई-सिम फोनमध्ये उतरवून घ्यायला इंटरनेट लागतं आणि नव्या फोनला तेव्हा नेटवर्क नसतं, म्हणून वायफाय जवळ असू द्या.

आता तो हिंदीत बोलणारा. त्याची मेख अशी. ई-सिमसाठी कंपनीच्या ठरलेल्या नंबरावर तुमच्याच सिमवरून एक मेसेज जावा लागतो. काही कंपन्यांत त्यात ईमेलचा पत्ता लिहायचा असतो, काहींत ईआयडी, म्हणजे फोनमधल्या ई-सिम चिपचा ३२ आकडी क्रमांक. भामटा तो मेसेज आयता लिहून तुम्हाला पाठवतो आणि ‘हाच कंपनीच्या नंबरावर पुढे पाठवा’ म्हणतो. नंबर कंपनीचाच खरा असतो, म्हणून माणूस फसतो. त्या मेसेजमधला ईमेल नीट वाचला तर कळतं की तो तुमचा नाहीच. तुम्ही पाठवलात की ई-सिम सुरू करायचा क्यूआर कोड जातो त्याच्या पत्त्यावर, तुमचा नंबर चालू होतो त्याच्या फोनवर आणि तुमच्या हातातलं सिम मरतं. हैदराबादच्या सायबराबाद पोलिसांनी २०२० मध्येच या चालीबद्दल लोकांना सावध केलं होतं. युक्ती जुनीच आहे, गिऱ्हाईक तेवढं नवं. तुमच्या फोनचा ईआयडी बघायचा असेल तर *#०६# दाबा. तो आकडा फोनवरून कोणालाही वाचून दाखवायचा नाही.

ई-सिम झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस येणार नाहीत आणि जाणारही नाहीत. घाबरू नका, हा दूरसंचार विभागाचाच नियम आहे. सिम बदलणारा तुम्ही नसून चोर असेल, तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत यासाठी तो केला आहे. पण याचा परिणाम ध्यानात घ्या. यूपीआयची नोंदणी करताना अ‍ॅप तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं, तो त्या दिवशी जाणारच नाही. आयफोनवर नव्याने यूपीआय सुरू केल्यावर काही बँका ७२ तासांपर्यंत ५,००० रुपयांचीच मर्यादा ठेवतात. तेव्हा विजेचं बिल, औषधं, मुलाचं तिकीट असली कामं आधीच आटपून घ्या आणि घरात थोडी रोकड ठेवा. लग्नकार्याच्या आदल्या दिवशी हा उद्योग करू नये. नव्या फोनवर बोलणं, इंटरनेट आणि एसएमएस तिन्ही चालू झाल्याचं पाहिल्याशिवाय जुना फोन विकू नका. आणि कंपनीकडे नोंदवलेल्या ईमेलचा पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवायची वाट फक्त याच नंबरातून जात नाही ना, तेही बघून ठेवा.

पैसे गेले तर जबाबदारी कोणाची? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने याची घडी बसवून दिली आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर भार शून्य. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कोणाची असेल, तर बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमचा भार शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवल्यास साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भार. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची, अशी अपेक्षा आहे. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवर. मात्र ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्याच पदरी. ‘मेसेज पुढे पाठवला’ याला बँका निष्काळजीपणाच म्हणू पाहतात. म्हणून सुरुवातीला म्हटलं की बरं केलंत. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असेच नियम लागू झाले. पण कर्नाटकातल्या सौहार्द पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. तिथे ठेव असेल तर या नियमांचा आधार नाही, हे हुबळीकरांनी विसरू नये.

फोनचं नेटवर्क एकाएकी गेलं तर ‘टॉवर गेला असेल’ म्हणून बसू नका. त्याच कंपनीचा फोन असलेल्या शेजाऱ्याला विचारा. त्याचं चालू असेल तर त्याच्याच फोनवरून आधी बँकेला सांगून खातं गोठवा, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे कन्नडमधून बोलावं लागलं तर तुम्हा हुबळीकरांना ती अडचण नाही. लेखी तक्रार हुबळी-धारवाड आयुक्तालयाच्या सायबर (सीईएन) पोलीस ठाण्यात. तोतयेगिरी करून सिम मिळवणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम ४२ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कंपनीने ओळख न पटवता दुसऱ्याला तुमचा नंबर दिला असेल तर तिलाही मोकळं सोडायचं कारण नाही. दशकभरापूर्वी पुण्यातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांचं असंच झालं. खोट्या कागदांवर त्यांच्या नंबराचं दुसरं सिम निघालं आणि खात्यातून लाखो रुपये गेले. महाराष्ट्राच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी, आयटी कायद्याखालचे निवाडा अधिकारी म्हणून, बँक आणि मोबाइल कंपनी अशा दोघांनाही भरपाई द्यायला लावली. कर्नाटकातही हे अधिकार त्याच खात्याच्या सचिवाकडे असतात. दावा पाच कोटींपर्यंतचा करता येतो. तेवढं लांब जायचं नसेल तर धारवाडचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबाइल कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्राहकांच्या बाजूने मिटवला. त्यासाठी तक्रारीचा डॉकेट क्रमांक, तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा. नव्या फोनच्या नोट्समध्ये नव्हे, वहीत.

प्रश्न : माझं सिम हरवलं म्हणून सोमवारी त्याच नंबराचं नवं घेतलं. या कंपनीचं नेटवर्क आमच्या घरात येत नाही, म्हणून गुरुवारी दुसऱ्या कंपनीत जायला १९०० वर मेसेज केला, पण कोड मिळेना. कंपनी अडवून धरते आहे का?
— एक वाचक, केशवापूर

उत्तर : नाही. १ जुलै २०२४ पासूनचा ट्रायचा नियम आहे : सिम बदलून घेतल्यावर सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. चोरलेला नंबर लगोलग दुसऱ्या कंपनीत पळवला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. सात दिवस उलटल्यावर पुन्हा मेसेज करा. पोस्टपेड असाल तर त्याआधी थकलेलं बिल भरून टाका, नाहीतर कोड पुन्हा अडेल.