पहिल्या वर्षाचे यंत्र घ्यावे का?

१९३४ सालचा हिवाळा. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील व्हालकूर या गावी जोसेफ-आर्मां बाँबार्डिए या यंत्रज्ञाचा लहान मुलगा अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाखाली गेले होते. रुग्णालय गाठता आले नाही आणि मूल दगावले. बर्फावरून धावणाऱ्या वाहनाच्या खटपटीत बाँबार्डिए आधीपासूनच होते. १९३७ साली त्यांना दातेरी चाक व पट्टा यांच्या रचनेचे पेटंट मिळाले. १९५९ साली त्यांच्या कारखान्यातून ‘स्की-डू’ हे हलके वाहन बाहेर पडले. पुढे दोन स्की आणि मागे एंजिनाच्या शक्तीने फिरणारा रुंद पट्टा, अशा वाहनाला स्नोमोबाइल म्हणतात.

हे वाहन वस्तीपासून दूर, शून्याखाली २० अंश तपमानात बंद पडले, तर प्रसंग जिवावर बेततो. आता एक प्रश्न पाहा. उत्तर अमेरिकेत पुढच्या हंगामाची मॉडेले हिवाळा संपता संपताच जाहीर होतात आणि वसंत ऋतूत त्यांची मागणी नोंदवून घेतात. म्हणजे अगदी नव्या मॉडेलचा ग्राहक, ते कोणीही हंगामभर वापरण्यापूर्वीच निर्णय घेतो. त्याने घाई करावी, की एक वर्ष थांबावे? गणिताची मदत घेऊ या.

समजा, नव्या मॉडेलमध्ये असा एक दोष आहे की १०० पैकी १ यंत्रात तो पहिल्या हंगामात प्रकट होतो. कारखान्याने ४० यंत्रे हंगामभर चालवून पाहिली. एका यंत्रात दोष न दिसण्याची संभाव्यता ०.९९. चाळीसही यंत्रांत न दिसण्याची संभाव्यता ०.९९ चा ४० वा घात, म्हणजे सुमारे ०.६७. याचा अर्थ, चाचणी काळजीपूर्वक करूनही तीनांपैकी दोन वेळा हा दोष लपूनच राहील! मग ५,००० यंत्रे विकली गेली, की सरासरीने ५० ग्राहकांना तो भेटेल. यात कारखान्याने लबाडी केली असे मुळीच नाही. लहान चाचणीत विरळा दोष दिसत नाही, एवढेच. पहिल्या वर्षाचे ग्राहक हीच खरी मोठी चाचणी असते.

चाचणी कोठे घेतली, यालाही महत्त्व आहे. अनेक स्नोमोबाइलमध्ये एंजिनाची उष्णता वाहून नेणारा द्रव पट्ट्याजवळील नळ्यांतून फिरतो आणि पट्ट्याने उडविलेला भुसभुशीत बर्फ त्या नळ्यांना थंड ठेवतो. गोठलेल्या तळ्याच्या कठीण पृष्ठावर असा बर्फ उडत नाही, म्हणून एंजिन तापते. केवळ भुसभुशीत बर्फावर घेतलेल्या चाचणीत ही उणीव कशी कळणार?

पण ‘नवे’ म्हणजे किती नवे? समजा, प्रत्येक नव्या भागाने हंगाम बिनतक्रार पार पाडण्याची संभाव्यता ०.९९ आहे, भागांचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र आहेत आणि जुने, कसोटीला उतरलेले भाग आपण निर्दोष धरले. नवे भाग ५ असतील, तर सबंध यंत्र बिनतक्रार चालण्याची संभाव्यता सुमारे ०.९५ येते. नवे भाग ६० असतील, तर ती ०.५५ पर्यंत घसरते! म्हणून नाव व रंग नवा, पण एंजिन जुनेच, असे मॉडेल वेगळे आणि एंजिनापासून सांगाड्यापर्यंत सारेच नवे असलेले मॉडेल वेगळे.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. एखादे यंत्र कारखान्यातून येताना जोडणीत स्क्रू सैल राहिला, तर तो बिघाड सुरुवातीच्या दिवसांतच उघडा पडतो. हे त्या एका यंत्राचे बालपण; ते दहाव्या वर्षाच्या मॉडेललाही चुकत नाही. आराखड्यातील दोष हे मात्र मॉडेलचे बालपण. एक वर्ष थांबल्याने दुसरे टळण्याची शक्यता वाढते, पहिले टळत नाही.

मग ग्राहकाने काय करावे? दोन गोष्टी पाहाव्यात: बिघाडाची संभाव्यता आणि बिघाड झाल्यास होणारी हानी. गावाजवळ, सोबत्यांबरोबर फिरणाऱ्याची हानी म्हणजे फुकट गेलेला दिवस. हमीपत्र चांगले असेल आणि दुरुस्तीचे दुकान जवळ असेल, तर त्याने नवे मॉडेल खुशाल घ्यावे. दूरच्या अरण्यात एकट्याने जाणाऱ्याने थांबावे, हेच शहाणपणाचे. कारण हमीपत्राने सुटा भाग बदलून मिळतो, थंडीत गारठणाऱ्या माणसाला ऊब मिळत नाही.

करून पाहा : एका डब्यात १०० चिठ्ठ्या घाला. एकीवर फुली करा. डोळे मिटून एक चिठ्ठी काढा, पाहा आणि परत टाका. असे ४० वेळा करा. वर्गातील प्रत्येकाने हा प्रयोग करावा. फुली एकदाही न आलेले विद्यार्थी किती, ते मोजा आणि वर्गसंख्येशी त्यांचे प्रमाण काढा. ते ०.६७ च्या आसपास येते का? मग ३०० वेळा चिठ्ठी काढली, तर फुली न दिसण्याची संभाव्यता किती उरेल, हे गणिताने शोधा.